दोन ते पाच नंबरची भिंत

कुरणवाडीच्या कॉलेजात एक भोळा शिपाई होता. नाव जोतीराम. मनानं सोनं, पण सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचा. एकदा प्राचार्य म्हणाले, "नळाला पाणी येईपर्यंत इथून हलू नकोस." पाणी आलं तिसऱ्या दिवशी. बायको बिचारी तीन दिवस नळापाशी भाकरी पोचवत होती.

या जोतीरामचा सगळा जीव कॉलेजच्या मैदानात. अठरा वर्षं त्यानं तिथले दगड वेचले, पाणी मारलं, फक्कीनं पांढऱ्या रेघा ओढल्या. आणि नेमकं तिथंच संस्थेच्या अध्यक्षांना मंगल कार्यालय बांधायचं होतं. विटासुद्धा येऊन पडल्या. पोरांनी गलका केला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "बरं. यंदा फुटबॉलच्या तीन मॅच आहेत. एक जिंका, मैदान तुमचं. नाहीतर पुढच्या लग्नसराईला इथं पंगत."

त्याच आठवड्यात खेळाच्या घोरपडे सरांचा पाय मोडला. कसा मोडला ते सर सांगत नाहीत. गल्लीला माहीत आहे, पण ते असो. सर पलंगावर आणि टीम जोतीरामच्या गळ्यात.

"जोतीराम," सर म्हणाले, "पुढची पोरं गोल करतील. आपल्या गोलापुढं जे चौघं उभे करायचे, ते नीट निवड. दांडगी पोरं घे. अंगानं भरलेली."

"ध्यानात ठेवलं, सर."

आणि खरंच ठेवलं. रेशन दुकानातल्या काट्यावर त्यानं सगळं कॉलेज तोललं. सगळ्यांत जड चौघं काढले. त्यातला भैरू तर काट्यावर मावतच नव्हता.

पहिल्या मॅचला समोर आली तालुक्याची पोरं. करडासारखी टणाटण उड्या मारणारी. चेंडू कुठं गेला म्हणून भैरू वळायचा. त्याचं वळून होईतो दुसरा गोल झालेला असायचा. सहा शून्यानं हरले.

"अरे बाबा," सर कळवळले, "समोर चपळ पोरं असली की जड पोरं काय कामाची? तिथं पळणारी घ्यायची, पळणारी!"

"ध्यानात ठेवलं, सर."

आणि खरंच ठेवलं. घोरपडे वहिनींची कोंबडी त्यानं मैदानात सोडली आणि पोरं मागं लावली. आधी पोचलेले चौघं घेतले. चारीच्या चारी कंबरेएवढे. कोंबडीनं त्या दिवसापासून अंडं दिलेलं नाही. वहिनी अजून तो विषय काढतात.

दुसऱ्या मॅचला समोर आली नदीपलीकडची पोरं. उसासारखी उंच. चेंडू ह्या डोक्यावरून त्या डोक्यावर जायचा. आपले चौघं प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी चेंडूखाली पोचायचे आणि वर बघत उभे राहायचे. पाच शून्य.

सरांनी कपाळाला हात लावला. "जड आहेत ते पळत नाहीत, पळतात ते पुरत नाहीत! अरे, चेंडूला आत जायला वाटच दिसता कामा नये. मग कोण उभं करायचं ते तुझं तू बघ!"

"त्याला जरा उलगडून सांगा की," आतून वहिनी म्हणाल्या. "मागं माझ्या कोंबडीचं काय झालं?"

"एवढं कळतं गं त्याला."

"ध्यानात ठेवलं, सर."

जोतीराम मैदानात जाऊन बसला. डोकं धरून विचार केला. मोठा असतो तो पळत नाही. बरोबर. पण पुरेसा मोठा असला, तर त्यानं पळायचं कशाला? त्यानं हा विचार उलटासुलटा करून पाहिला. कुठं खोट दिसेना. समोर अध्यक्षांच्या विटा दिसत होत्या.

शामू गवंड्याला हाताशी धरून त्यानं दोन दिवसांत भिंत उभी केली. गोलाच्या ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत, आठ फूट उंच. चुन्यानं वर त्या चौघांच्या पाठीवरचे नंबर घातले. दोन, तीन, चार, पाच. भिंत चौघांच्या जागी म्हणून चार पोरं बाहेर बसवली. जोतीराम लबाडी करणाऱ्यातला नव्हे.

तिसऱ्या मॅचला रेफ्री आले. "हे काय?"

"बचाव."

रेफ्रींनी नियमाचं पुस्तक पुढून मागं चाळलं. बुटांचं होतं, नखांचं होतं. भिंतीचं काही नव्हतं.

"माणसं किती?"

"सात. अन् ही चार."

"अकरा," रेफ्री म्हणाले आणि शिट्टी मारली.

चेंडू येई, भिंतीवर आपटे, परत जाई. आपला गोलकीपर मागं सावलीत शेंगा फोडत बसला. मग आपल्या पोरांनी तिकडं एक गोल ठोकला. एक शून्य! सगळं गाव नाचायला लागलं. जोतीरामनं भिंतीवरून हात फिरवला. डोळे पुसत म्हणाला, "मैदान वाचलं गं बाई."

अर्धा वेळ झाला. रेफ्री म्हणाले, "बाजू बदला."

"कसली बाजू?"

"हे इकडं, ते तिकडं. नेहमीचंच आहे."

जोतीराम भिंतीकडं वळला. "चला रं," म्हणाला. चारही नंबर जागचे हलले नाहीत.

उरलेला वेळ आपली सात पोरं आपल्याच भिंतीवर चेंडू आपटत राहिली. तिकडचा गोल उघडा. अकरा एक. मागं राहिलेल्या शेंगा त्यांच्या गोलकीपरनं संपवल्या.

संध्याकाळी जोतीराम सरांकडं आला तो हसतच.

"जिंकलो?" सर उठूनच बसले.

"हरलो. पण सर, अध्यक्ष स्वतः आले होते. भिंतीला ओळंबा लावून बघितला. म्हणाले, जोतीराम, एक नंबर काम!"

सर परत आडवे झाले. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"एवढंच नव्हं, सर. म्हणाले, अशाच आणखी तीन बांध, अन् वर स्लॅब टाक. आता येऊ दे कुणाला यायचं ते, जड येऊ दे, पळणारं येऊ दे. चेंडू आत घालून दाखवावा!"