द्वैताचा वापर

"...पण महाराज, द्वैत म्हणजे नेमकं काय, हे एकदाचं सांगूनच टाका! भास्कर म्हणतो ते खरं, की मी म्हणतो ते?"

खाडीकाठच्या मठाच्या पडवीत नरहरबुवा मोड आलेले वाल सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तू काय म्हणतोस?"

त्र्यंबकाला तेवढंच हवं होतं. गडी तयारीचा! द्वैताच्या सात व्याख्या त्याने घडाघडा म्हणून दाखवल्या.

"छान. आणि हे द्वैत वापरतोस कुठं?"

त्र्यंबक आठवी व्याख्या आठवू लागला...

वापर तर साऱ्या मठाला दिसत होता. याच वादापायी मठात दोन पंगती पडल्या होत्या, एक त्र्यंबकाची, एक भास्कराची. अकरा वर्षं एका घोंगडीत निजलेले हे गुरुबंधू आता समोरासमोर आले की भिंतीकडे बघत. उद्या सकाळी त्र्यंबक आपली माणसं घेऊन मठ सोडणार होता.

बुवांनी परात पुढे सरकवली. "सोल."

त्र्यंबकाने वाल चिमटीत दाबला, रागाच्या भरात जरा जास्तच. साल सुटली, आणि वालाच्या दोन फोडी होऊन परातीत पडल्या. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याचंही.

"अरे अरे! अख्खे निघायला हवेत. भास्कराचा एकही फुटत नाही."

"त्याचं नाव काढू नका, महाराज! आणि वालात मुळातच दोन दळं असतात. मी काय वेगळं केलं?"

"मुळातच दोन," बुवांनी मान डोलावली. "खरं आहे तुझं."

इतक्या सहज जिंकल्यावर त्र्यंबकाला का कोण जाणे, रडूच येईलसं वाटलं.

बुवांनी एक अख्खा सोललेला वाल त्याच्या तळहातावर ठेवला. दोन दळं, आणि मधे दोघांना धरून बसलेला इवलासा कोंब.

आत चुलीशी भास्कर खोकला. धुराने त्याला नेहमीच ठसका लागे, आणि त्याच्या हातातली फुंकणी काढून घ्यायला नेहमी त्र्यंबकच उठे.

तो अर्धवट उठला... परत बसला. परातीतल्या दोन फोडी एकमेकींवर दाबून बसवू लागला. त्या निसटल्या. पुन्हा बसवल्या, पुन्हा निसटल्या.

"महाराज... जुळत नाहीत हो."

"फोडी राहू देत रे बाळा," बुवा म्हणाले. "कोंब कुठं पडलाय, तो शोध."