बिनसहीचा पेपरवेट

"पण केला कुणी हा, बाबा? तेवढं सांगा."

हेरंब टिपणिसानं काचेचा पेपरवेट फकीरबाबांच्या पुढ्यात ठेवला. मुठीएवढा गोळा, आत निळे दोरे, मधोमध एक बुडबुडा. बुडाला सही नाही, शिक्का नाही.

बाबा राहतात बंद पडलेल्या काचकारखान्यात. थंड भट्टीतच अंथरूण. गावात सगळ्यात मोठी चूल यांची, आणि चहा मात्र रोज दुसऱ्याच्या घरचा.

टिपणीस काचेचा पारखी. लोक तसं म्हणत. लोक विसरले तर तो स्वतः म्हणे. कुठलाही बिनसहीचा गोळा आणा, कारागिराचं नाव सांगेन, नाहीतर भिंग नदीत टाकीन, असं चारचौघांत बोलून बसलेला. उद्या त्याचं प्रदर्शन उघडणार, आणि या एकाच गोळ्याखालची पाटी कोरी.

"तुला काय दिसलं?" बाबांनी विचारलं.

"दोरे उलटे वळलेत. फुंकायची नळी डाव्या हातानं फिरवलीय. काच याच कारखान्यातली, ती मी ओळखतो. इथं डावखुरा कोण होता?"

"होता एक." बाबांनी बिस्कीट चहात बुडवलं. "बुडबुडा पाहिलास?"

"हवा आहे."

"कुणाची?"

टिपणीस हसला. असं हसणं अंगाशी येतं, पण पारख्याला कोण सांगणार.

"नीट बघ."

त्यानं भिंग लावलं. बुडबुडा आतून धुरकटला… निवळला… पुन्हा धुरकटला.

"माझाच श्वास लागतोय काचेला."

"मग रोख की."

त्यानं श्वास रोखला. गाल फुगले, डोळे बाहेर आले.

आतलं धुकं येत राहिलं, जात राहिलं.

गोळा त्यानं खाली ठेवला. जरा घाईनंच.

"नाव सांगा, बाबा."

"मी घेत नाही त्याचं नाव. नाव पडलं की काम संपलं, असं भट्टीवाले म्हणत. संध्याकाळच्या पाळीला आत गेला, तो बाहेर आलाच नाही. बायको अजून रोज त्याचं ताट झाकून ठेवते."

झाकलेलं ताट कुणाच्या घरी असतं, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. टिपणिसाच्या तोंडावर उजेड पडला.

"थांब," बाबा म्हणाले. "भिंग नदीत टाकलंस तर नाही का चालणार?"

"मी हरत नसतो, बाबा."

त्यानं गोळा पुन्हा उचलला, आणि बारशाला आल्यासारखं खणखणीत म्हणाला, "दादू शिकलगार."

बुडबुडा निवळला.

टिपणीस वाट पाहत राहिला… भिंग धोतराला पुसलं… पुन्हा पाहिलं…

काच, नुसती काच. हातातल्या हातात गार पडत चाललेली.

बाबांचं बिस्कीट तुटून चहात बुडालं. त्यांनी ते काढलं नाही.

"पाटी तू लाव," ते म्हणाले. "कबरीवरची चादर मी आणतो."