जात्याच्या तोंडात दाणा

जिनसांना वाचा होती आणि अक्कल बेताचीच होती, तेव्हाची ही गोष्ट. एका स्वयंपाकघरात नवं, कोवळं जातं आलं. मुसळदादांनी लगेच हुकूम सोडला, "फिर!" ते बिचारं दिवसभर रिकामंच फिरत राहिलं.

"दादा, आत फार खरवडतंय," ते म्हणालं. "मी फिरायचं तरी कशासाठी?"

"घ्या! कोपरा दिला, खुंटा दिला, आणखी काय हवं?" मुसळदादा खेकसले. "आमच्या वेळी नव्हती हो असली थेरं!"

"नुसते लाड!" पाटा म्हणाला. "जोरात फिर, म्हणजे विसरशील."

जातं जोरात फिरलं. खाली करडी भुकटी पडू लागली.

"बघा, बाजरीचं पीठ! सुधारलं पोर!" मुसळदादांची छाती फुगली.

फाटक्या सुपलीनं भुकटी चाखली आणि थुंकून टाकली. "दीडशहाण्यांनो, त्याच्या तोंडात कुणी दाणा तरी टाकलाय का? ही दगडाची कच आहे. लेकरू स्वतःलाच दळतंय, आणि तुम्ही मिरवताय!"

ती जात्याजवळ सरकली. "थांब बाळा, आधी दम खा." मग तिनं त्याच्या तोंडात मूठभर बाजरी ओतली.

जातं हळूच फिरलं. आतली खरखर थांबली आणि खरं पीठ पडलं.

मुसळदादा अजून सांगत फिरतात, पोर आपल्याच धाकानं सुधारलं म्हणून.