कलमदानावरची कोरी जागा

खूप जुन्या काळी एका दक्खनी किल्ल्याच्या पायथ्याशी बिदरी कामाचा एकच कारखाना उरला होता. जस्ताच्या वस्तूवर छिन्नीने नक्षी कोरायची आणि तिच्यात चांदीची तार ठोकून बसवायची, असं ते काम. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादाने जन्मभर हुक्के घडवले. लोकांनी हुक्का ओढणं सोडलं, तरी ह्याचे हुक्के चालूच! हट्टाला काही सीमा असते की नाही?

शेवटी सुलतानाचं फर्मान आलं. "ईदच्या दरबारात लोकांच्या उपयोगाची वस्तू दाखवा. नाहीतर तुमची भट्टी तोफा ओतायला जाईल."

उस्तादाच्या लेकीने मदरशातल्या मुलांसाठी लेखण्या ठेवायचं कलमदान घडवलं. त्याच्या एका कोपऱ्यात मशिदीच्या कमानीवरची आठ टोकांची चांदणी कोरली. बाकी सगळं कोरं.

"अब्बा, नजरेला जरा विसावा हवा," ती म्हणाली.

"हा तर आळस झाला! वेलींशिवाय बिदरी काम असतं का कुठे? दरबार हसेल आपल्याला."

आता या कामात एक गोम असते. तार बसवून घासली की चांदी आणि जस्त एकाच रंगाची दिसतात. मग तापल्या वस्तूवर किल्ल्यातल्या जुन्या मातीचा लेप चोळायचा. जस्त काळं पडतं, चांदी झळकते. हा लेप वस्तू घेणाऱ्यासमोरच लावायचा, असा रिवाज होता.

उस्तादाला भीतीने घास गोड लागेना. लेक माती आणायला किल्ल्यावर गेली, तेव्हा त्याने कोऱ्या जागेत भराभर वेली कोरल्या, तार ठोकली, घासून सारखं केलं. लेकीला काही दिसलं नाही.

दरबारात तिने लेप चोळला. चांदणी वर आली. पाठोपाठ वेली आल्या आणि त्यांच्या गर्दीत चांदणी हरवून गेली. लेकीचा हात थांबला. तिने बापाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"नुसतं गिचमिड," सुलतान म्हणाला. "तोफखान्याच्या दारोग्याला बोलवा."

"हुजूर, थांबा! चूक माझी आहे. हिच्या हातावर माझा भरवसा नव्हता." उस्तादाने छिन्नी उचलली आणि स्वतःच बसवलेली तार उपटू लागला. छिन्नी जराशी घसरती, तर चांदणी गेलीच असती. लेकीने कलमदान दोन्ही हातांनी घट्ट धरलं. दारोगा येऊन दारात उभा राहिला.

शेवटची तार निघाली. कलमदान पुन्हा तापवून लेकीने लेप चोळला, तशा रिकाम्या खाचाही काळ्या पडल्या. लांबून आता एकटी चांदणीच दिसत होती. सुलतानाने कलमदान हातात घेतलं, तेव्हा काळ्यावरच्या काळ्या वेली त्याच्या बोटांना लागल्या. तो बोट फिरवतच राहिला.

"दारोग्याला परत पाठवा," तो म्हणाला. "मदरशाला अशीच कलमदानं हवीत."

भट्टी वाचली. पुढे वेली बाप कोरायचा आणि चांदी कुठे भरायची, ते लेक ठरवायची.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, जुनी कला जगवायची असेल, तर ती नव्या हातांत द्यावी आणि मग त्या हातांवर विश्वासही ठेवावा.