लिंबोणीच्या काडीचा वसा

ऐका लिंबोणीबाई, तुझी कहाणी. आटपाट नगरात तुझं एकच झाड होतं, तेही राणीच्या बागेत. बागेला कुंपण होतं, कुंपणाला फाटक होतं, फाटकाशी शिपाई होता.

त्या नगरात सगुणी नावाची कोष्टीण होती. एकदा तिच्या सासूला ताप आला, तोंडाची चव गेली. सासू म्हणाली, "सुनबाई, घोटभर लिंबाचं पाणी मिळालं तर दोन घास जातील." मग सगुणी फाटकाशी गेली, एक लिंबू मागितलं. शिपाई म्हणाला, "राणीचं लिंबू तुमच्या ताटात? हो मागं!" दुसऱ्या दिवशी गेली, तेच ऐकलं. तिसऱ्या दिवशी गेली, त्यानं काठी उगारली. मग सगुणी म्हणाली, "ठेव तुझं लिंबू. मी आता झाडच लावते."

कुंपणाबाहेर म्हातारी माळीण लिंबोणीच्या छाटलेल्या फांद्या टाकत होती. ती म्हणाली, "यातली काडी लाव. पण वसा कडक आहे. घाई करशील, उपटून बघशील."

"नाही बघायची. सांगा आजी."

"करंगळीएवढी जाड, वीतभर लांब काडी घ्यावी. खालून तिरपी कापावी. वरची दोन पानं ठेवावी, बाकीची काढावी. वाळू मिसळलेल्या मातीत खोचावी, सावलीत ठेवावी, वर ओलं फडकं घालावं. माती ओली असावी, चिखल नसावा. दोन महिने काडी हलवू नये. जगली, तर झाडाची काडी मागेल तिला द्यावी."

सगुणीनं काडी लावली. आठव्या दिवशी नणंदेनं मूळ बघायला उपटली. काडी वाळली. मग दुसरी लावली. सासू तापातून उठली होती. "तहानली असेल बिचारी," म्हणून तिनं कळशी ओतली. काडी कुजली. शेजारणी हसल्या, "राजवाड्यातली काडी, कोष्ट्याकडे कशी नांदेल?"

मग सगुणीनं तिसरी लावली, कुंडी मागाजवळ ठेवली. नणंद आली, "वहिनी, जरा बघू?" "बघा, डोळ्यांनी बघा." सासूनं तांब्या उचलला. "सासूबाई, ते पाणी तुम्ही प्या." दोन महिने सरले, काडीला कोवळं पान फुटलं.

झाड झालं. तिसऱ्या वर्षी फळलं. सासूनं लिंबाचं पाणी पिऊन मिटक्या मारल्या. ज्या हसल्या होत्या त्याही काड्या मागायला आल्या. सगुणीनं काडी दिली, वसा सांगितला. घरोघरी लिंबोणी झाली.

ते राणीला कळलं. ती कोपली. "माझ्याखेरीज कुणाकडे लिंबोणी नको," म्हणाली. मग शिपाई कोयता घेऊन सगुणीच्या दारी आला.

सगुणी म्हणाली, "तोड बाबा. पण माझी शेवटी, आधी शेजारची तोड. मग त्यापलीकडची तोड. हुकूम आहे ना? एकही घर सोडायचं नाही. मी येते सोबत, घरं दाखवते."

सगुणी पुढं, शिपाई मागं. पहिल्या दारी बाई कुंडीला कवटाळून बसली. दुसऱ्या दारी सगळी आळी आडवी झाली. तिसऱ्या दारी शिपाई थबकला. दार त्याचंच होतं. बायको उंबऱ्यात उभी होती.

"खुशाल तोडा," ती म्हणाली, "आणि आजपासून जेवायला राणीकडेच जात चला."

शिपाई माघारी गेला, कोयता राणीपुढं ठेवला. म्हणाला, "बाईसाहेब, हे काम माझ्यानं होणार नाही. दुसरा माणूस बघा." राणीनं दुसरा बघितला, तिसरा बघितला. ज्याच्या त्याच्या घरी कुंडी होती. शेवटी हुकूम मागं घेतला, बागेचं फाटक उघडलं.

जशी सगुणीची काडी रुजली, तशी तुमची आमची रुजो. साठ घरची ही कहाणी, पाच बोटांनी लावली, सुफळ संपूर्ण झाली.