आचार्यांनी गाळलेला कंस

एकदा एका आचार्यांच्या आश्रमात गाई होत्या, केळीची बाग होती आणि ओळीने मांडलेले संगणक होते. संगणकाला आज्ञा लिहिण्याची विद्या आचार्य शिकवीत. त्यांनी नुसते डोळे वटारले तरी बंद पडलेलं यंत्र घाबरून सुरू होई, असं पंचक्रोशीत बोललं जाई. ज्यांनी पाहिलं होतं ते शपथेवर सांगत; ज्यांनी पाहिलं नव्हतं ते जास्तच शपथा घेत.

त्यांच्या एका हुशार शिष्याकडे नवख्यांचा वर्ग होता. गेल्या वर्षी आसपासच्या गावांतली माणसं मोठ्या हौसेने आली आणि एकेक करून उठून गेली. शेवटी नियमाने येणारी एक गायच उरली, तीही दारापर्यंतच. यंदा वर्ग पुन्हा रिकामा झाला तर तो कायमचा बंद करायचा, असं विश्वस्तांनी सांगून टाकलं होतं. शिष्याने सगळा दोष भाषेवर ठेवला. यंत्राला आज्ञा द्यायच्या भाषा अनेक. आपण नेमकी चुकीची निवडली, असं त्याच्या मनाने घेतलं.

नवा वर्ग भरायच्या आदल्या दिवशी तो तीन भाषा घेऊन आचार्यांपुढे बसला. (भाषांची नावं सांगत नाही. या नावांवरून सख्ख्या भावांनी चुली वेगळ्या मांडल्याचं ऐकिवात आहे.)

"गुरुजी, ही पहिली अतिशय वेगवान. दुसरीला नोकरीच्या बाजारात मोठा मान. तिसरी आपली साधी, पण कामाची. तिन्हींत एकेक नमुना लिहून आणलाय. पाहा आणि सांगा, नवख्यांना पहिली कोणती द्यावी?"

आचार्यांनी नमुने वाचलेच नाहीत. पहिल्याच्या मधोमध जाऊन त्यांनी एक कंस पुसून टाकला.

"अहो गुरुजी! आता चालायचं नाही ते!"

"चालवून तर बघ."

यंत्राने पडदाभर मजकूर ओकला. खाली सरकवावं तितका तो वाढतच गेला; नेमकं कुठे चुकलं, याचा पत्ता नाही. दुसऱ्या नमुन्यातला कंसही आचार्यांनी गाळला. तिथे यंत्र 'अमान्य' एवढंच म्हणालं आणि मौनात गेलं. तिसऱ्यात मात्र उत्तर आलं, 'चौथ्या ओळीत कंस उघडला आहे, मिटलेला दिसत नाही.'

"ही दे," आचार्य म्हणाले.

शिष्य हिरमुसला. "इतकं खपून लिहिलं मी, आणि तुम्ही मोडतोड करून निवडलीत?"

"अरे, तुझे नमुने चालणारच, ते तू लिहिलेस. नवखा दिवसभर चुकत असतो. त्याचा सहवास चुकलेल्या ओळींशी. चुकल्यावर कुठे पाहायचं हे जी सांगेल, तीच त्याला टिकवेल."

शिष्याला ते पटलं. तो उठू लागला.

"बस. आता मी नवखा. शिकव मला."

आचार्यांनी एक ओळ लिहिली आणि कंस मिटायचा विसरले. शिष्याने दाखवलं. आचार्य पुन्हा विसरले. शिष्याने पुन्हा दाखवलं, जरा घाईने. आचार्य परत विसरले.

"अहो, आत्ताच सांगितलं ना! इतकं तर सोपं आहे!"

शिष्याने जीभ चावली. गेल्या वर्षी कुंभारवाड्यातल्या यमुनाबाईंना तो हेच म्हणाला होता. त्यांनी कळफलकावरून हात उचलला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्या आल्या नव्हत्या.

आचार्य हसले नाहीत. "यंत्राने दर वेळी तेच, तितक्याच शांतपणे सांगितलं. पण माणूस चुकला की पडद्याकडे नंतर बघतो, आधी शिकवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो. तेवढं तपासायचं राहिलं होतं."

शिष्य उठला. नमस्कार करून निघाला.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. थोड्याच वेळात एका बाईंचं यंत्र अडलं. त्यांनी अंग चोरलं आणि हळूच शिष्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो स्टूल ओढून शेजारी बसला. "काय म्हणतंय ते वाचूया का?" बाईंनी अडखळत वाचलं, चुकलेली ओळ शोधली, कंस मिटला.

दुपारी त्यांचं यंत्र परत अडलं. शिष्य उठला, पण बाईंनी मान वर केलीच नाही. पडद्यावर बोट ठेवून त्या एकेक शब्द वाचत होत्या. तो परत आपल्या जागी बसला.