रिकाम्या मुठीचा धोंडा

लई मागं, तुमच्या आज्याच्या आज्यालाबी ठावं नसंल इतकं मागं, एका डोंगराच्या दोन अंगाला दोन गावं व्हती. एक अल्याड, एक पल्याड. मधी खिंड. ल्हानथोर समदे ऐका, आन् मधीच जांभया देऊ नका. गोष्ट दुसऱ्याची म्हनून ऐकाल आन् घरी गेल्यावर आपलीच निघंल.

अल्याडच्या गावात एक गडी व्हता. नाव काय का असंना, गाव त्याला दांडगा म्हनायचं. मनगट म्हंजे बाभळीचा ओंडका. डोस्कं त्याहून टनक. राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

एका सालाला गुरांत रोग शिरला. तोंडाला लाळ, खुरांत किडे. पोळा तोंडावर आला आन् दांडग्याची बैलजोडी गेली. वासरं व्हती तवापासनं हातानं चारलेली जोडी. गोठ्यात दोन दावी नुसती लोंबत व्हती.

मानसाला दुख झालं तर मानसानं रडावं. पन गड्याला रडायची लाज! रडायची लाज वाटती आन् शिव्या द्यायची वाटत न्हाई, असली आपली जात. दांडगा रडला न्हाई. त्येनं दोष द्यायला कुनाचं तरी नाव शोधलं.

"ह्ये पल्याडच्यांचं काम हाय," त्यो चावडीवर गरजला. "त्येंनी रोग धाडला आपल्यावर!"

कुनी बघितलं व्हतं? कुनीच न्हाई. कुनी इचारलं, 'तुला कसं ठावं?' तेबी न्हाई. ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं, मंग इचारायचं कशाला?

पोळ्याच्या सकाळी गाव बैलं रंगवत व्हतं, तवा ह्यो एक आख्खा धोंडा डोक्यावर घेऊन खिंडीत गेला. मागं समदं गाव. खिंडीच्या तोंडाशी त्येनं धोंडा धाडकन आदळला.

"आजपासनं पल्याडचा मानूस हितनं आत आला तर डोस्कं फोडीन!"

गावानं आरोळी ठोकली. ज्येनं त्येनं हाताला लागंल त्यो दगड उचलला आन् खिंडीत भिरकावला. कसं मोकळं वाटलं म्हनता! म्होरल्या साली फिरून तेच. त्याच्या म्होरल्या साली तेच. बघता बघता रीत झाली. पोळ्याच्या दिवशी आदी खिंडीतला धोंडा, मंग बैलांची पूजा. पैला धोंडा दांडग्यानं टाकायचा, त्याचा हात खाली आला की गावानं टाकायचे. पैल्या धोंड्याचा मान. गावात त्याच्या मुंडाशाला वजन आलं. ल्हान पोरं अंगनात खडे फेकत 'मी दांडगा, मी दांडगा' खेळायला लागली.

आता बघा, मन कसं बदलतं ते. ते काय ईज पडल्यावानी बदलत न्हाई. उंबरा झिजतो तसं झिजतं. रोज पाय पडतो, रोज दिसत न्हाई.

एका उन्हाळ्यात दांडग्याची कालवड डोंगरात चुकली. हुडकता हुडकता ह्यो पल्याडच्या उतारावर गेला. घसा वाळून कोळसा. तिथं एक धनगर मेंढरं घेऊन बसला व्हता. त्येनं काय इचारलं न्हाई, पान्याचा भोपळा म्होरं केला. दांडगा पानी प्याला. पिऊन झाल्यावर म्हनला, "मी अल्याडचा हाय."

"मुंडासं बघूनच वळाखलं," धनगर म्हनला. "तुमच्या रोगानं आमची गुरं खाल्ली त्या सालाला."

"आमच्या? तुमच्या रोगानं आमची खाल्ली!"

"ऑं?" धनगर हसला. "म्हंजे तुमीबी तेच म्हनता व्हय? मंग रोग कुनाचा रं, पाव्हनं?"

दांडगा उठला, कालवड हुडकली. कालवड घेऊन घरी आला. त्या सालच्या पोळ्याला त्यो डोक्यावरचा धोंडा न्हाई, हातात मावंल येवढा दगड घेऊन गेला.

तिथं ढिगाऱ्यात एक सरडा ऱ्हायचा. त्यो मान हलवत म्हनला, "दांडगोबा, औंदा धोंडा ल्हान झाला की!"

"गप रं. पाठ दुखती."

"पाठ दुखती का मन दुखतंय?"

दांडग्यानं त्याच्यावर टाच आपटली. सरडा दगडात गेला.

म्होरं दांडग्याची बायकू बाळंत व्हायला अडली. गावच्या बायांनी हात टेकले. त्या धनगराची बायकू सुईन व्हती, तिच्या हाताला यश हाय असं डोंगरभर बोलत व्हते. दांडगा कुनाला न सांगता करवंदीच्या जाळीतल्या आडवाटेनं गेला आन् तिला तोंडावर पदर वढून मागल्या दारानं घरात आनली. बाळ आडवं व्हतं. तिनं उजवा हात घालून ते फिरवलं आन् बाहेर काढलं. पोरगी झाली. रडली तर पत्र्यावर गारा पडल्यावानी.

दांडग्यानं तिला खन-नारळ दिला आन् हात जोडले. "आक्का, येवढं गावात कळू देऊ नगंस."

सुईनीनं त्याच्याकडं बघितलं. "मी काय चोरी केली व्हय रं तुझ्या घरात?"

पन ती गेली मागल्या दारानंच. सकाळी गावानं इचारलं तर ह्यो म्हनला, "देवाची किरपा. आपोआप सुटली."

आपोआप! ज्या हातानं लेक दिली, त्या हाताला देवाच्या नावानं पुसून टाकलं. असली मानसं लई हाईत. इकडं तिकडं बघू नका, म्होरं ऐका.

त्या पोळ्याला त्याच्या हातात खडा व्हता, चिंचोक्यायेवढा. मंग पोरगी रांगली, चालली, आबा आबा करत मागं फिरली. तिला बघितलं की त्याला ती सुईन दिसायची. एका पोळ्याला त्येनं खडाबी उचलला न्हाई. नुसती मूठ वळली, हात वर नेला आन् जोरानं खाली आनला. मुठीत वारा. गावाला काय ठावं? गावाला हात दिसला. हात खाली आला तसे समद्यांचे दगड सुटले.

सरडा ढिगाऱ्यावर उन्हात बसला व्हता. "आरं, हातात काय न्हाई तुझ्या!"

"हळू बोल, भाड्या!"

"मंग सांगून टाक की त्येंना. रोग पल्याडनं आला न्हाई, माझं चुकलं, म्हनून सांग."

"आन् गाव काय म्हनंल? सरडा म्हनंल मला. रंगबदल्या म्हनंल."

आता सरडाच तापला. "माझ्या नावाची शिवी करता व्हय रं? मी रंग बदलतो त्यो उन्हात बसून, कुंपनावर, समद्यांच्या डोळ्याम्होरं. तू मुठीत बदलतोस. शिवी द्यायची तर आमी तुमच्या नावानं द्यायला पायजे!"

दांडगा खाली मान घालून घरी गेला. म्हनला, माझ्यापुरतं मी सोडलं, बास झालं. मी कुनाला दगड मारत न्हाई. बाकीचे मारतात ते त्येंचं त्येंनी बघावं.

आरं, त्येंना शिकवलं कुनी? तुझ्या बानं?

सालामागून सालं गेली. पोरगी मोठी झाली, गावातच दिली. जावई गुनाचा व्हता, अंगापिंडानं धट्टाकट्टा, आन् ल्हानपनापासनं अंगनात 'मी दांडगा' खेळलेला. सासऱ्याचा त्याला लई अभिमान. खिंडीतला ढीग येवढा वाढला की वाट उरली एका मानसापुरती. ढिगाच्या पलीकडचं काय दिसंना.

मंग पोरीचे दिवस भरले. पोळ्याच्या दिवशीच पोटात कळा सुरू झाल्या. बायांनी बघितलं. बाळ आडवं. आईला झालं तसंच लेकीला.

दांडग्याची बायकू दारात येऊन उभी ऱ्हायली. "अवं, आता तिलाच आना. माझ्या पोरीला दुसरं कुनी सोडवनार न्हाई."

दांडगा आता म्हातारा झाला व्हता, पन लेकीचं वरडनं ऐकून त्याच आडवाटेनं पळत सुटला. करवंदीनं अंग फाटलं. सुईनबी म्हातारी झाली व्हती. धनगर कवाच देवाघरी गेलेला. तिनं लुगड्याचा काचा मारला आन् उठली.

"चल. पन त्या जाळीतनं माझ्यानं व्हनार न्हाई आता. येळबी जाईल. खिंडीतनं चल."

"आक्का, आज पोळा हाय."

"मंग? आज पोरी बाळंत व्हायच्या थांबल्यात व्हय?"

दोघं निघाली. खिंड जवळ आली तशी ढिगापलीकडनं हलगी ऐकू आली. समदं गाव जमलेलं. हितं, आगदी ह्याच जागी दांडग्यानं म्हातारीचा हात धरून गावाम्होरं उभं ऱ्हायचं व्हतं. येवढंच करायचं व्हतं बघा. पन त्यो काय म्हनला?

"आक्का, तू हितंच थांब जरा. मी म्होरं जाऊन त्येंना वाटंला लावतो."

"लवकर लाव. पोरगी थांबायची न्हाई."

त्यो त्या अरुंद वाटेनं ढिगाच्या अल्याड आला.

"आला! आला!" जावई वरडला. "मामा, कवाधरनं वाट बघतोय! तिकडनं कुठनं आलासा? टाका पैला धोंडा!"

"जावईबापू, तिकडं माझी लेक..."

"बाया हाईत की तिच्यापाशी. आपलं काय काम तिथं? टाका, म्हंजे मोकळं हुवू!"

दांडग्यानं समद्या तोंडाकडं बघितलं. ढिगाऱ्यातनं सरड्यानं मुंडी काढली. "बोल, बोल! आता न्हाई तर कवा?"

शब्द गळ्यापातूर आला. तिथं त्याला मुंडाशाचं वजन आडवं आलं. त्यो मनात म्हनला, एकदाच. ह्यो शेवटचा. हात केला की ही मानसं दगड टाकत्याल आन् घराला जात्याल, मंग म्हातारीला आनतो.

त्येनं रिकामी मूठ वर नेली आन् खाली आनली.

गावाचे दगड ढिगावरनं पल्याड गेले. तिकडनं "आई गं" म्हनून आवाज आला. म्हातारी थांबली नव्हती. पोरीच्या काळजीनं वाटेवर चार पावलं म्होरं आली व्हती.

जावई टनाटन उड्या मारत ढिगावर चढला. "मामा! पल्याडची बाई हाय! आरं, माझाच दगड लागला! नेमका हातावर!"

"आरं मुडद्या!" दांडगा छाती बडवत वरडला. "ती तुझ्या बायकूला सोडवायला आलीया! त्याच हातानं तुझी बायकू जल्माला आनली तिनं! पल्याडच्यांनी काय रोग आनला नव्हता. मला ठावं व्हतं! कवाचं ठावं व्हतं!"

हलगी थांबली. जावयाचं तोंड पांढरं पडलं.

"मामा," त्यो म्हनला, "मंग तुमी धोंडा कशाला टाकला?"

"मी न्हाई टाकला! लई सालं झाली, माझ्या हातात काय नसतं! ह्ये बघा, रिकामी हाय मूठ!"

"आमाला मूठ कुठं दिसती मामा? आमाला हात दिसला."

याला उत्तर काय? तुमच्यापाशी हाय?

म्हातारीला जावयानं पाठीवर घेतलं आन् घरी पळवलं. उजवं मनगट लोंबत व्हतं. तिनं वेदना गिळली, डावा हात चालवला, दांडग्याच्या बायकूला असं कर, तसं कर म्हनून सांगत ऱ्हायली. पन जे उजव्या हाताला ठावं व्हतं ते डाव्याला ठावं नव्हतं. लई उशीर झाला. लेक वाचली. बाळ गेलं.

पोरीला शुद्ध आली तशी तिनं पैलं त्या म्हातारीला इचारलं, "तुमी कोन?" म्हातारीनं समदं सांगितलं. पदर न वढता सांगितलं, पुढल्या दाराशी बसून.

पोरगी उठून चालायला लागली त्या दिवशी पाटी घेऊन खिंडीत गेली. ढिगातला एक एक दगड पाटीत घालून बाजूला टाकायला लागली. जावई गेला. आईबी गेली. मागनं दांडगा आला आन् दगडाला हात घालाय वाकला.

लेकीनं त्याचा हात झिडकारला. "आबा, आदी त्वांड उघडा. दगड मागनं उचला."

मंग दांडगा दारोदार फिरला. ज्या आवाजात चावडीवर गरजला व्हता त्याच आवाजात सांगितलं. "रोग पल्याडनं आला नव्हता. मी खोटं बोललो. मंग मला खरं कळलं, आन् मी गप बसलो." कुनी थुकलं. कुनी म्हनलं, "सरडा झाला रं म्हातारा!" त्यो म्हनला, "झालो. तुमीबी हुवा."

काही मानसं आली, ढीग उपसायला लागली. काही आजून दगड टाकतात, रातीचं कोल्हं वरडावं तसं वरडतातबी. एकदा शिकवलेलं लवकर उतरत न्हाई.

वाट मोकळी झाली. पन समद्यांच्या तळाला त्यो पैला धोंडा घावला, दांडग्यानं तरनेपनी डोक्यावर आनलेला. दांडग्याच्यानं त्यो धोंडा मरेपातूर हलला न्हाई. आजून तिथंच हाय. सरडा त्याच्यावर भर उन्हात बसतो आन् समद्यांदेखत रंग बदलतो.

मन बदललं तर लाजू नका, पन जुनं जेवढ्या मोठ्यानं सांगितलं व्हतं तेवढ्याच मोठ्यानं नवं सांगा, न्हाईतर तुमची रिकामी मूठबी कुनाचा तरी जीव घेती.